मालवणची बस सुटण्याआधी : ठाणे-नवी मुंबईतल्या सहल आयोजकांना खुलं पत्र

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर आणि पनवेल इथून दर हिवाळ्यात मालवणला सहली नेणाऱ्या सर्व आयोजकांना, सोसायट्यांच्या कमिट्यांना, महिला मंडळांना आणि शाळांतल्या माझ्या सहकारी शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

या दिवाळीत आमच्याच सोसायटीत एका घरी फराळाला गेले होते. शोकेसमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याची छोटी प्रतिकृती होती आणि तिच्या शेजारी मुठीएवढा एक पांढरा, जाळीदार दगड. घरातला सहावीतला मुलगा कौतुकानं म्हणाला, "काकू, मालवणहून आणलाय. पाण्याखालचा दगड आहे." मी तो हातात घेतला. ते प्रवाळ होतं, म्हणजे कोरल. त्याच्यावरच्या प्रत्येक बारीक खळगीत एकेकाळी एकेक जीव राहत होता. गोलसर वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. तो तुकडा जवळपास त्या मुलाच्याच वयाचा असेल.

मी हे सांगितलं तेव्हा मुलाचा चेहरा उतरला. त्याची आई ओशाळून म्हणाली, "अहो ताई, पण आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

तिचं खरं होतं. सहल चाळीसेक जणांची. निघण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर तीन पानी सूचना आल्या होत्या. स्वेटर आणा, उलटीच्या गोळ्या आणा, शाकाहारी किती, मांसाहारी किती, दागिने घालू नका. स्नॉर्कलिंगची वेळ दिली होती. ज्या पाण्यात उतरायचं ते अभयारण्य आहे, एवढं एक वाक्य मात्र त्या तीन पानांत नव्हतं. नंतर मी ओळखीच्या पाच-सहा सहलींची पत्रकं मागवून पाहिली. एकातही नव्हतं. ते वाक्य तुम्ही लिहावं, म्हणून हे पत्र.

माझं माहेर मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचं. लग्न होऊन ठाण्याला आले, आता ऐरोलीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. बाबा रापणीला जायचे. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात गोल सोडून यायचं आणि मग त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसांनी ओढत आणायची, ही रापण. मासळीचे वाटे पडायचे, आणि ओढायला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही वाटा मिळायचा. आई ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, कालवं काढायला जायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच ते खालीही उतरतं, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो. तेवढ्या दोन-तीन तासांत टोपली भरायची. मी बारकी कालवं फोडायला लागले की आई हात धरायची, "बारकी ऱ्हवांदे गो, ती फुडच्या वर्साची."

१३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मी सातवीत होते. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा, म्हणजे सर्वांत जपायचा आतला भाग, फक्त तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड आणि त्यांच्या भोवतीचे पाण्याखालचे खडक त्यात येतात. आपल्याला इथे बसून कल्पना यावी म्हणून सांगते. येऊरला आपण सकाळी फिरायला जातो ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण शंभर चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे मालवणचा गाभा त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढा. तुमच्या बसमधली माणसं स्नॉर्कलिंगला उतरतात ती किल्ल्याजवळच्या याच खडकांवर.

अभयारण्याला गावातून विरोध झाला, आजही आहे, आणि तो खोटा नव्हता. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदाच म्हणतो की समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपलं पाहिजे. आमच्या वाडीत मात्र पहिली कुजबुज पोचली ती "आता जाळी काढून घेणार" अशी. बाबा म्हणाले होते, "दर्यात मारलेली रेघ कोणाक दिसतली?" त्या वयात मला ते फक्त रागाचं बोलणं वाटलं. आज वाटतं, अडचण त्यांनी नेमकी पकडली होती. जंगलाला फाटक असतं, चौकी असते, पावती फाडावी लागते. आपण आत शिरलो हे माणसाला कळतं. समुद्रात तसं काही नाही. होडी किनाऱ्यावरून निघते, दहा मिनिटांत थांबते, पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. म्हणून या अभयारण्याचं फाटक असलंच तर ते तुमच्या बसच्या दारात आहे, ठाण्याच्या तीनहात नाक्यावर किंवा वाशीच्या पुलाखाली, रात्री नऊ वाजता, जिथे तुम्ही हातात यादी घेऊन नावं पुकारता.

आत काय आहे हे थोडं सविस्तर सांगते, कारण मालवणला जाऊन आलेल्या कितीतरी जणांनी मला "मासे पाहिले" एवढंच सांगितलं आहे.

आपल्याकडे अंदमान-लक्षद्वीपसारखी प्रवाळांची भिंत नाही. इथे प्रवाळ खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वसलेलं आहे, आणि कठीण परिस्थितीत वसलेलं आहे. पावसाळ्यात खाड्यांतून गढूळ गोडं पाणी येतं, माती बसते, उजेड कमी होतो. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्या शैवालाचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं, आणि फार काळ तसंच राहिलं तर उपाशी मरतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरात चौथ्यांदा असं सामूहिक पांढरं पडणं सुरू असल्याचं जाहीर केलं. ते थांबवणं तुमच्या माझ्या एका सहलीच्या हातात नाही. पण आधीच तापलेल्या, माती बसलेल्या या जिवावर पाय देऊन उभं राहायचं की नाही, हे नक्की आपल्या हातात आहे.

पाय दिल्यानं काय होतं? प्रवाळाचा जिवंत भाग म्हणजे सांगाड्यावरचं एक पातळ कातडं. बुटाच्या एका घसाऱ्यानं ते सोलवटतं. मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरं शेवाळ चढतं आणि मग प्रवाळाला ती जागा परत मिळणं अवघड होतं. प्रवाळभित्ती बांधणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, ज्या यादीत वाघ आहे. शोकेसमधल्या त्या तुकड्याकडे मी अशी का बघत राहिले, ते आता त्या माउलीला कळलं असेल.

गेल्या जानेवारीत मी स्वतः एका सहलीबरोबर गेले. नाव सांगत नाही, कारण एकाच सहलीला दोष द्यायचा नाही. दांडीवरून होडी निघाली. खडकाजवळ आल्यावर नांगर टाकला, तो खडकावर खडखडत गेलेला मला ऐकू आला. लोक लाइफ जॅकेट घालून उतरले. पोहता न येणारी माणसं घाबरली की पाय टेकवायला जागा शोधतात, ते साहजिकच आहे, आणि टेकवायला तिथे एकच जागा असते. कुणीतरी ब्रेडची पिशवी उघडली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थवा करून आले, सगळे हरखले, फोटो निघाले. ते मासे खरं म्हणजे खडकावरचं शेवाळ आणि बारीकसारीक जीव खाऊन राहतात. प्रवाळाच्या अंगावर शेवाळ चढू न देण्याचं काम असेच मासे करतात. पाव मिळू लागला की ते होडीच्या आवाजाला जमतात, धीट मासे बुजऱ्यांना हुसकतात. पंधरा मिनिटांत शिट्टी झाली, पुढची तुकडी उतरली. त्या दिवशी दुपारपर्यंत एकाच खडकावर अशा किती तुकड्या उतरल्या, ते मी मोजायचं सोडून दिलं.

होडीवरच्या मुलाशी मालवणीत बोलले तेव्हा तो मोकळा झाला. रापणकराचाच मुलगा होता. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था आहे, तिथे तो शिकलेला, प्रवाळाचे प्रकार मला त्यानेच दाखवले. मी विचारलं, लोकांना आधी का नाही सांगत? तो म्हणाला, "बाय, तुमचे आयोजक फोनवर धा रुपये कमी कर म्हणतत. तेवढ्यात माका दिसाक चार फेऱ्या जास्ती मारूक लागतत. सांगूक टाईम खय?"

हे त्याचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. मंडळी, आपण इथे बसून घासाघीस करतो. माणशी दर खाली आणतो, चार होडीवाल्यांना एकमेकांविरुद्ध उभं करतो आणि स्वस्तात सहल बसवल्याचा अभिमान बाळगतो. कमी झालेला तो पैसा कुठून तरी निघतोच. तो समजावून सांगण्याच्या दहा मिनिटांतून निघतो, एका मार्गदर्शकामागे जास्त माणसं देण्यातून निघतो. शेवटी तो त्या खडकातून निघतो. स्थानिक मुलांना बेजबाबदार म्हणणारी पत्रं मी वर्तमानपत्रांत वाचली आहेत. मला ती मान्य नाहीत. जाळ्यात मासळी कमी झाली म्हणून ही मुलं या कामाकडे वळली. दोन पैसे नीट मिळाले तर खडक जपण्यात सर्वांत जास्त फायदा त्यांचाच आहे, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आपल्याला अभयारण्यात वागता येत नाही असंही नाही. माझ्या घरापासून काही मिनिटांवर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ मध्ये १६९० हेक्टर जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते. मी दरवर्षी वर्गाला घेऊन जाते. आधी मुलं केंद्रातलं प्रदर्शन बघतात, मग बोटीत बरोबरचा माणूस कांदळवन दाखवतो, पक्षी किती अंतरावरून बघायचे ते सांगतो. रोहित पक्ष्यांचा थवा दिसला की वर्गातली सर्वांत मस्तीखोर मुलंही गप्प होतात. पक्ष्यांना वेफर्स टाकूया असं आजवर एकाही मुलाला सुचलेलं नाही. आपण कुठे आलो आहोत हे त्यांना आधी कळलेलं असतं, म्हणून. हीच मुलं, हेच आईबाप मालवणला जाऊन पाव टाकतात.

एवढ्याशा राखीव समुद्रानं काय होणार, असं मला एका आयोजकांनी विचारलं होतं. न्यूझीलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लेई नावाचं गाव आहे. तिथला खडकाळ किनारा मासे आणि शेवंडी (लॉबस्टर) काढून काढून रिकामा झाला होता. ऑकलंड विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा तिथेच आहे. तिथल्या संशोधकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला, आणि १९७५ मध्ये जेमतेम ५ किलोमीटर लांबीचा किनारा, समुद्रात ८०० मीटरपर्यंत, पूर्ण राखीव झाला. काहीही काढायचं नाही. पोहा, डुबकी मारा, बघा. पुढच्या काही दशकांत मोठे मासे परतले, शेवंडी परतल्या. त्यांनी समुद्री साळिंदरं, म्हणजे काटेरी चेंडूसारखे सी अर्चिन, खाल्ली. साळिंदरांनी चरून बोडका केलेला खडक पुन्हा समुद्री वनस्पतींनी झाकला गेला. आज लोक दुरून तिथे फक्त मासे बघायला येतात. मालवण म्हणजे लेई नव्हे. आमच्याकडे त्या पाण्यावर जगणारी हजारो माणसं आहेत आणि त्यांना बाजूला सारून काही करावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण लहान जागाही सावरते, एवढं त्या किनाऱ्यानं दाखवून दिलं. मालवणच्या गाभ्यावर सर्वांत जास्त ताण माणसांच्या येण्याजाण्याचा असेल, तर सावरण्याची सुरुवातही येणाऱ्यांनीच करायला हवी.

आता माझी मागणी. सूचनांच्या पत्रकात सर्वांत वर, स्वेटरच्याही आधी, एवढं छापा : "आपण मालवण सागरी अभयारण्यात जात आहोत. प्रवाळ जिवंत आहे. त्यावर उभं राहायचं नाही, माशांना काही खायला घालायचं नाही, पाण्यातून काही आणायचं नाही." हे तीन-चार वेळा वाचलेला माणूस होडीत वेगळा बसतो, हे मी शपथेवर सांगते.

होडीवाल्यांशी बोलताना दराऐवजी वेळेचं बोला. एका मार्गदर्शकामागे माणसं कमी मागा. उतरण्यापूर्वी दहा मिनिटं समजावून सांगण्याचे पैसे वेगळे द्या, तसं स्पष्ट कबूल करून द्या. नांगर खडकावर न टाकता वाळूत टाका किंवा जिथे बांधण्याची सोय आहे तिथे बांधा, अशी अट घाला. अट घालायला तुम्ही कचरत नाही, एसी गाडीसाठी तर घालताच. ज्यांना पाण्याची फार भीती वाटते त्यांना आग्रहानं उतरवू नका. होडीतूनही पुष्कळ दिसतं, आणि घाबरलेला माणूस सर्वांत जास्त पाय टेकवतो. उन्हाचं क्रीम फासून पाण्यात उतरण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. त्या क्रीममधली ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायनं प्रवाळाला घातक आहेत म्हणून हवाईनं २०२१ पासून अशा क्रीमची विक्रीच बंद केली.

शाळांच्या सहलींसाठी माझा आग्रह आणखी वेगळा आहे. मुलांना पाण्यात उतरवूच नका, ओहोटीच्या वेळी खडपावर न्या. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त पंचांग किंवा भरती-ओहोटीचा तक्ता बघून तारीख ठरवावी लागते, अमावास्या-पौर्णिमेच्या जवळची. समुद्राची शाळा म्हणावी अशी ती जागा आहे. सर्वांत वर, जिथे पाणी क्वचित पोचतं, तिथे मोहरीच्या दाण्यांएवढ्या गोगलगायी खडकाच्या भेगांत तोंड मिटून बसलेल्या असतात. त्याखाली खडकाला पांढरी खरखरीत साल आल्यासारखे बार्नकल, मग कालवं, मग शेवाळाचे गालिचे. प्रत्येकाची पायरी ठरलेली, कारण कोण किती तास पाण्याविना तग धरतो हेही ठरलेलं. डबक्यांत वाकून बघितलं तर समुद्रफुलं, शंखात घर केलेले खेकडे, नशीब असेल तर तारामासा. माझ्या वर्गातली एक मुलगी एकाच डबक्यापाशी पाऊण तास बसून होती, डबा खायलाही उठली नाही.

तिथलाही नियम आहे, आणि तो आईकडून आलेला आहे. दगड उलटा केलात तर बघून झाल्यावर होता तसाच परत ठेवा. दगडाची खालची बाजू म्हणजे ओल आणि सावलीत राहणाऱ्या कित्येक जिवांचं घर असतं. ती उन्हात राहिली तर पुढच्या भरतीपर्यंत त्यांतले बरेचसे मेलेले असतात. प्राणी बाटलीत भरून आणायचे नाहीत. रिकामा शंखही राहू द्या, तो पुढच्या खेकड्याचं घर आहे.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की ही बाई सहल नासवणार. तसं होणार नाही. जानेवारीत त्या मुलानं मला पाण्याखाली प्रवाळावरची एकेक खळगी बोटानं, लांबून, न शिवता दाखवली. मी त्या किनाऱ्यावर वाढले, तरी पन्नाशीत पहिल्यांदा पाहिलं. सोबतच्या दोन बायकांनाही दाखवलं. परतीच्या प्रवासात कोकणकन्येत रत्नागिरी येईपर्यंत त्या त्याच विषयावर बोलत होत्या. ब्रेडची आठवणही कुणी काढली नाही.

शोकेसमधला तो तुकडा आता शोकेसमध्ये नाही. मुलगा म्हणाला, परत नेऊन ठेवूया. मी त्याला समजावलं की मेलेलं प्रवाळ परत ठेवून जिवंत होत नाही, आणि आपण दोघं मिळून वन खात्याच्या कार्यालयात जाऊ, काय करायचं ते विचारू. हिवाळ्याच्या सुट्टीत जाणार आहोत. त्यानं स्वतःहून एक अर्ज लिहिला आहे, पेन्सिलीनं.

तुमच्या सहलींच्या तारखा याच आठवड्यात ठरत असतील. बस सुटण्याआधीच्या रविवारी मला बोलवा. ठाणे ते पनवेल कुठल्याही सोसायटीत, क्लबहाउसमध्ये, गच्चीवर, पार्किंगमध्ये मी येईन. अर्धा तास पुरतो. मानधन नको, प्रोजेक्टर नसला तरी चालेल, खडूनं जमिनीवर किल्ला आणि खडक काढून दाखवते. लहान मुलांना पुढे बसवा.

आपली,
दांडीची एक माहेरवाशीण,
ऐरोली, नवी मुंबई